शेवटच्या घरापासून

पान्येल, दक्षिण सुदान
९ फेब्रुवारी २०२५

आत्या, जय भीम.

तुझं कानातलं मशीन शिट्ट्या मारायला लागल्यापासून फोनवर आपलं बोलणं म्हणजे "आं?" आणि "काय?" एवढंच उरलंय. म्हणून हा कागद. मी हातानं लिहितो, ऑफिसात नेट आलं की फोटो काढून मायाला पाठवतो. ती यवतला झेरॉक्सवाल्याकडून मोठं छापून घेईल आणि सुट्टीच्या दिवशी तुला मांडवगणला आणून देईल. तूही लिही. बायकोला पोस्टमन केलंस म्हणून मला शिव्या घालू नकोस, ती तिची हौस आहे.

तू मागं विचारलंस, पोरा, एवढा शिकलास, तिकडं जाऊन करतोस तरी काय? आत्या, मी ज्वारी वाटतो. खरंच. विमान येतं, उतरत नाही, वरूनच पोती टाकतं. ती मैदानातून गोळा करायची आणि कार्ड बघून एकेका घराला माप द्यायचं. ही ज्वारी तांबूस असते, पण भाकरी होते. मी एकदा थापून दाखवली तर इथल्या बायका पोट धरून हसल्या.

आता अडचण ऐक. पैसे देणाऱ्या देशांनी यंदा हात आखडता घेतलाय. जिथलं युद्ध टीव्हीवर दिसतं तिकडं मदत धावते, इथलं कुणी दाखवत नाही. त्यामुळं सगळ्यांना पुरेल एवढं धान्य येणार नाही. पान्येल हे मोठं गाव, गुरंवाल्यांचं. इथला अधिकारी त्यांचा, पोलीस त्यांचे, आमची पोती उचलणारे हमालसुद्धा त्यांचेच. पलीकडं दलदल ओलांडून दिवसभराच्या चालीवर तोरबार नावाची वस्ती आहे, मासे धरणाऱ्यांची. पुरात त्यांची जाळी गेली. आता कमळाचे कंद उकडून खातात. वाटप सुरू झालं की आधी पान्येल, मग आसपासची गावं, आणि तोरबारचा नंबर लागेपर्यंत मैदानात झाडू फिरलेला असतो.

ऑफिसचा नियम छान आहे, जो जास्त उपाशी त्याला आधी. कागदावर. पण सुरुवात कुठून करायची ते माझ्यावर सोडलंय. आमचे साहेब केनियाचे आहेत, ते म्हणतात, क्रम तू ठरव, फक्त भांडण नको. तोरबारची न्याकिर नावाची एक बाई दर वेळी सगळ्यांच्या मागं उभी असते. पाठीला तान्ही मुलगी, शेजारी थोरला मुलगा. ती काही मागत नाही, नुसती बघत राहते. मला तिच्याकडं बघवत नाही.

तू एवढी वर्षं अंगणवाडीत पोरांना वाढलंस. तू काय केलं असतंस?

तुझा,
नागसेन


मांडवगण फराटा
२० फेब्रुवारी

नागसेन बाळा, जय भीम.

तुझं पत्र मायानं आणलं तवा मी दारात बसून शेंगा फोडत व्हते. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, म्हंजी शेजारच्या सरूबाईला ऐकू जावं. तिचा पप्पू दुबईला हाय तर तिचा तोरा बघायचा असतो.

इकडं उसाची तोड चालू हाय आन् बिबट्यानं परत एक कालवड नेली. सांजच्याला कुणी एकटं बाहेर पडत न्हाई.

तू इचारलंस ते बरं केलंस. अरे, हे मला इचारायचं न्हाई तर कुणाला! मी ल्हान असताना गावजेवण असलं की आपल्या वस्तीला सांगावा यायचा सगळ्यात शेवटी. घरनं ताटल्या घेऊन आम्ही वडाखाली बसायचो. पंगतीवर पंगती उठायच्या. बुंदीचा वास यायचा आन् आमचा नंबर यायच्या टायमाला बुंदी संपलेली असायची, आमटीच्या बुडाचं पाणी तेवढं राह्यलेलं. वर वाढणारा म्हणायचा, पोटभर जेवा बरं का! त्याच्या त्या "बरं का"चा मला आजून राग येतो.

म्हणून अंगणवाडीत लागले तवा मी पहिल्या दिवशी ठरवलं, वाढायचं ते शेवटच्या घरापासून. ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यावरची पोरं आधी, मग आपल्या वस्तीची, मग गावातली, आन् पाटलाची नातवंडं शेवटी. लई बोंब झाली. आनंदराव पाटील तवा सरपंच, ते सोत्ता आले. मी म्हणलं, आप्पा, तुमच्या घरी दूध हाय, ह्यांच्या कोपीत उंदीरबी राहत न्हाई, सांगा मी चुकते का. आल्या पावली गेले. तीस वर्सं मी तसंच वाढलं आन् एकबी पोर उपाशी गेलं न्हाई.

तवा तू घाबरू नको. शेवटून सुरुवात कर. त्या बाईला पुढं बोलव. पुढच्याचं पोट काय, कसंबी भरतंच, त्याची सोय असती. मागच्याला कुणी न्हाई. तुझा साहेब भांडण नको म्हणतो, तर त्याला सांग, भांडण आधीपासनंच हाय, फकस्त एकाच बाजूला आवाज हाय.

जेवत जा येळंवर.

अंजना आत्या


पान्येल
१६ मार्च

आत्या, जय भीम.

केलं! तुझं ऐकलं.

मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि सांगितलं, पहिला दिवस तोरबारचा. इथला अधिकारी खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. मी म्हणालो, पान्येलसाठी दुसरं विमान दुसऱ्या दिवशी येतंय, कुणाचं काही जाणार नाही, फक्त क्रम उलटा होईल. साहेबांनी मान डोलावली. त्यांनी तर ते वरच्या ऑफिसलाही कळवलं, चांगला प्रयोग आहे म्हणून.

काल सकाळी तोरबारची माणसं आली तेव्हा सवयीनं मागंच उभी राहिली. मी हातवारे करून पुढं बोलावतोय आणि ती एकमेकांकडं बघतायत. शेवटी न्याकिरचा हात धरून मी तिला पहिल्या मापापाशी नेलं. ज्वारी, डाळ, तेल. तिच्या मुलानं पोत्यात हात कोपरापर्यंत घातला आणि तो तसाच ठेवला, काढेचना. सगळे हसले. न्याकिर पण हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

पान्येलची पोरं कुंपणाला टेकून बघत होती. कुणी अडवलं नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. दुपारी तोरबारची रांग डोक्यावर पोती घेऊन दलदलीकडं निघाली, बायका गात होत्या. मी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. आत्या, मला तेव्हा तू हवी होतीस इथं.

आज दुसरं विमान यायचंय. मैदानात पान्येलची गर्दी जमलीय, आवाज इथपर्यंत येतोय. घाईत लिहितोय.

तुझा,
नागसेन


मांडवगण फराटा
३० मार्च

माझ्या वाघा, जय भीम!

काय सांगू, पत्र वाचून मी रडले. मग मला रडताना बघून माया रडली. ती जरा जास्तच रडली, तुझी आठवण येत आसंल. कवा येतोस बाबा?

मी विहारात सगळ्यांना वाचून दाखवलं. पोरांनी ठरवलंय, यंदा जयंतीला माझा सत्कार करायचा, शाल आन् फुलं. मी म्हणलं, माझा कशाला, नागसेनचा करा. तर म्हणले, आत्या, डोकं तुमचंच ना! मग काय, मी नको म्हणलं आन् दोनदा म्हणायच्या आधीच थांबले.

एक गंमत सांगते. बाजारात आनंदराव भेटले. आता थकलेत, काठी घेऊन फिरतात. मी मुद्दाम थांबून त्यांना सांगितलं, बघा आप्पा, तुम्हाला माझी पद्धत पटत नव्हती, आता परदेशात चालू झाली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणले, बाई, चांगलं केलं पोरानं. पण धान्य घेऊन ती माणसं घरी कशी गेली? कुणी सोडवायला होतं का संगं?

बघ माणसाचं. एवढी मोठी गोष्ट सांगितली तर ह्यांना वाटेची काळजी! मी म्हणलं, आप्पा, पायानं गेली, कशानं जाणार. सरूबाई आन् मी घरापर्यंत हसत आलो. जित्याची खोड, दुसरं काय. तिकडं बाकीच्यांचं वाटप झालं का ते कळव. त्या न्याकिरला माझा नमस्कार सांग.

अंजना आत्या


पान्येल
१९ एप्रिल

आत्या, जय भीम.

उशीर झाला, कामात होतो. इथं ऊन फार आहे. पाऊस सुरू झाला की रस्ते बंद होतील. तब्येत ठीक आहे. वाटपाचं चालू आहे. जयंती छान झाली असेल.

मशीनची बॅटरी बदलून घे. शिरूरला जाशील तेव्हा मायाला बरोबर ने.

नागसेन


यवत
२३ एप्रिल

अहो,

हे पत्र आत्यांचं नाही, माझं आहे. फोनवर तुम्ही गप्प बसता आणि मग मीही गप्प बसते, म्हणून लिहिते.

तुम्ही मार्चमध्ये मला सगळं सांगितलंत आणि म्हणालात, आत्याला कळू देऊ नकोस. मी ऐकलं. तुमचं आनंदाचं पत्र तर तुम्ही सगळं घडायच्या आधी, सकाळीच पाठवलं होतंत, मी ते छापूनही आणलं होतं. नेऊ का नको करत बारा-तेरा दिवस कपाटात ठेवलं. त्या रोज फोन करायच्या, पत्र आलं का ग. शेवटी नेलं. त्या वाचत होत्या आणि मला सगळं माहीत होतं.

जयंतीच्या दिवशी त्यांना स्टेजवर बोलावलं. निळी साडी नेसल्या होत्या. माईकवर त्यांनी न्याकिरची गोष्ट सांगितली, तिच्या मुलानं पोत्यात हात घातला ते सांगितलं, आणि सगळ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली खुर्चीत बसले होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, टाळ्या वाजव की ग, तुझ्याच घरचं कौतुक आहे. मी वाजवल्या.

आता त्या म्हणतात, त्या मुलासाठी शर्ट शिवून पाठवायचाय, मापाचा अंदाज नागसेनला विचार.

अहो, हे मला होणार नाही. तुम्ही लिहा. नाहीतर मी सांगेन, आणि मला ते तुमच्यासारखं नीट सांगता येणार नाही.

माया


पान्येल
४ मे

आत्या,

मायाचं पत्र मिळालं. मी तुझ्याशी खोटं वागलो. शर्ट शिवू नकोस. तो मुलगा नाही.

त्या दिवशी दुसरं विमान आलंच नाही. पान्येलची माणसं, बायका, म्हातारे उन्हात आभाळाकडं बघत बसले होते. दुपारी वरच्या ऑफिसचा निरोप आला, पैसे देणाऱ्या देशानं काम थांबवलंय, पुढची सूचना येईपर्यंत उड्डाणं बंद. एवढंच. का, किती दिवस, काही नाही. मी मैदानात जाऊन ते सांगितलं. म्हणजे असं झालं की या हंगामात इथं जेवढं धान्य आलं, ते सगळं तोरबारला गेलं होतं. आणि ते पान्येलनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तोरबारची माणसं तेव्हा दलदलीच्या काठी होती. पलीकडं जायला होड्या दोनच, म्हणून रात्र तिथं काढून सकाळपासून थोडी थोडी पोती उतरवत होती. पान्येलच्या गुरांच्या तळावरची पोरं बंदुका घेऊन तिथं पोचली. ती ज्वारीसाठी गेली होती, मारायला गेली नव्हती, असं इथले सगळे म्हणतात, आणि मला ते खरंही वाटतं. बऱ्याच जणांनी पोती टाकली आणि पाण्यात उड्या घेतल्या. न्याकिरच्या मुलानं त्याचं पोतं सोडलं नाही. किती माणसं गेली ते मला नक्की माहीत नाही. आमच्या अहवालात एक आकडा आहे, न्याकिर दुसरा सांगते.

आत्या, तुझ्या अंगणवाडीत पोरं तुझ्यासमोर बसून खायची. खाल्लेलं कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. इथं मी त्यांच्या डोक्यावर पोती दिली, दिवसभराची वाट दिली, आणि ज्यांना काही मिळालं नाही अशांच्या गावातून त्यांना पाठवलं. हे मला दिसायला हवं होतं. मी इथं होतो. मला त्या बायकांचं गाणं ऐकू येत होतं आणि मी स्वतःवर खूश होतो.

रोज तोच हिशोब मनात चालतो. त्यांना नेहमीसारखं शेवटी ठेवलं असतं तर त्यांना दाणा मिळाला नसता. कंद खाऊन, उपाशी, पण असती. म्हणजे अन्याय केला असता तर ती माणसं वाचली असती. हे मी कुणाला सांगू? आणि पान्येलच्या त्या पोरांच्या आया मला बाजारात भेटतात. त्यांचीही लेकरं वाळून गेलीत. मला त्यांचा राग धरता येत नाही, आणि राग धरायला दुसरं कुणी समोर नाही. ज्यांनी विमान थांबवलं त्यांची मला नावंसुद्धा माहीत नाहीत.

आता उड्डाणं पुन्हा सुरू होणार आहेत, पूर्वीच्या निम्म्यानं. क्रम पुन्हा मीच लावायचाय. परवा न्याकिर आली. पाठीला मुलगी होती. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं काही मागितलं. म्हणाली, आम्हाला शेवटी लिहा. सगळ्यांचं झालं की जे उरेल ते द्या. काही उरलं नाही तरी चालेल, पण आमचं नाव पुढं घेऊ नका.

मी साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, उत्तम, म्हणजे ही लोकांचीच इच्छा आहे, तसंच लिहून टाक, सही कर.

आत्या, मी कागद पुढं घेऊन बसलोय. मी काय लिहू?

नागसेन


मांडवगण फराटा
१४ मे

नागसेन,

माया वाचून दाखवते म्हणाली. मी म्हणलं दे इकडं, मी वाचते. वाचलं. ती रात्रभर इथंच राह्यली.

तुझा दोष न्हाई असं मी लिहिणार न्हाई. तुझा हाय, माझाबी हाय. मी इथं शेंगा फोडत बसून हजारो कोसावरच्या माणसांची पंगत लावली. ती जागा मी बघितली न्हाई, ती वाट बघितली न्हाई. माझं ऱ्हाऊ दे, आनंदरावांना इथं बाजारात उभ्या उभ्या कळलं आन् मी त्यांना हसले. त्यांना कसं कळलं ते मी त्यांना इचारणार न्हाई. मला त्याचं उत्तर नको हाय.

शाल मंडळाला परत दिली. पोरांना खरं कारण सांगितलं. एकजण म्हणला, आत्या, जाऊ द्या की, कुठली कोण माणसं ती. त्याच्या थोबाडीत द्यावी वाटलं. मग वाटलं, ज्यांनी विमान थांबवलं ते तरी दुसरं काय म्हणले असतील? घरी येऊन पडून राह्यले. शर्टाचं कापड आणून ठेवलं व्हतं, ते मायाला न्यायला सांगितलंय. माझ्या डोळ्यासमोर नको.

माझी आई गावजेवणात मला पुढं जाऊ द्यायची न्हाई. मी चुळबुळ करायची, तर हात दाबून धरायची, बस मागं, म्हणायची. मी जन्मभर तिला भित्री समजले. तिच्यासारखं व्हायचं न्हाई म्हणूनच मी शिकले, भांडले, तुला वाढवलं. आता रातभर तिचीच आठवण येती. तिला ठावं व्हतं, आपण पुढं बसलो तर घरी जाताना आपल्यासंगं कुणी नसतंय. तिनं मला ते कवा सांगितलं न्हाई. कसं सांगणार लेकराला.

तू इचारलंस काय लिहू. साहेब म्हणतो तसं लिहू नको. त्यांची इच्छा हाय, असं लिहू नको. कुणाची इच्छा असती का रे शेवटी बसायची? लिही की आम्ही ह्यांना आधी दिलं, पण घरापर्यंत पोचवू शकलो न्हाई, आन् पुढंबी पोचवू शकणार न्हाई, म्हणून शेवटी. ते खोडतील. खोडू देत. तू सोत्ताच्या हातानं लिही.

दुसरं काही सांग म्हणशील, तर माझ्याकडं दुसरं काही न्हाई. लई शोधलं. विमानं थांबवणाऱ्यांना आपण काही करू शकत न्हाई, बंदुकीवाल्यांना करू शकत न्हाई. त्या बाईजवळ एक लेक राह्यली हाय. ती तिला उपाशी सांभाळायला तयार हाय, फकस्त जिवंत राहू दे म्हणती. तिच्यापेक्षा आपल्याला जास्त कळत न्हाई. एकदा कळतं असं वाटलं व्हतं.

शेवटी लिही त्यांना, बाळा. मी सांगते म्हणून लिही.

अंजना